तिसऱ्या कॉर्डवरची पांढरी पट्टी

पाणी छातीला लागलं तेव्हा माझ्या पायाखाली बांध नव्हता.

एका हातात सुनीताचं मनगट होतं. सुनीता म्हणजे माझी सून. दुपारची वेळ, पण पाऊस असा की लांब केलेल्या हाताची बोटं दिसेनात. खाडी कुठल्या बाजूला आणि भातशेत कुठल्या बाजूला, कळायला मार्ग नव्हता. दोन्हीकडं सारखंच गढूळ पाणी. पुढं माझा दीर महादू चालला होता, डोक्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची धरून. मघापर्यंत ती खुर्ची तरी दिसत होती. आता तीही दिसेना.

महादूनं हाळी दिली. उजव्या अंगानं तिला उत्तर आलं. अगदी बरोबर, रीतीप्रमाणं.

आणि त्याच वेळी डाव्या अंगानं पियानो वाजायला लागला.

"आई, सायेब वाजवतायत," सुनीता ओरडली.

"सायबाचा उजवा हात मेलाय," मी म्हणाले. "हे दोन हातांचं हाय."

मी ऐकत राहिले... डावा हात साहेबांचा होता, यात शंका नाही. आणि उजवा हात माझा होता. मी पाण्यात उभी होते, आणि माझा हात घरात बसून पियानो वाजवत होता.

आता नीट सांगते.

अनुभवांच्या या सदरात लोक आधी लिहितात की आमचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आणि आजही नाही. आमच्या वाडीत कुणाला थंडीताप आला तरी नारळ उतरवतात. मी गोळी देते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे मी वहीच्या पानांवर लिहिलं आणि सुनीतानं मोबाइलवर टाइप केलं. तिनं मध्ये एका ठिकाणी "भयानक" असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला. जे झालं तेवढंच लिहायचं.

आमचं गाव दिघीच्या खाडीला लागून आहे. नाव देत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. गावापुढं खाजण, म्हणजे खाडीलगतची भातशेती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीदगडाचा लांब बांध. गावातून बांधावर चढलं की उजवीकडं खाडी, डावीकडं शेतं. बांध पुढं डावीकडं वळतो आणि वळणाच्या टोकाला उंचवट्यावर एक कौलारू घर. ते आल्बर्ट साहेबांचं. तिकडं जायला बांधाशिवाय दुसरी वाट नाही.

साहेब मूळ वसईकडचे. जन्मभर मुंबईत मोठ्या हॉटेलांतून पियानो वाजवला. बायको गेल्यावर इथं येऊन राहिले. पियानो बैलगाडीवर घालून बांधावरून आणला होता, तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. महादू त्याला पेटी म्हणायचा.

"वहिनी, तुझा सायेब त्या पेटीपायी एक दिवस बांध खचवील," असं तो मला चिडवायचा.

"पेटी न्हाय काका, पियानो," सुनीता सांगायची.

"जिच्यापुढं माणूस बसून भाता न मारता वाजवतो, ती आळशाची पेटी."

मी साहेबांकडं स्वयंपाकाला आणि झाडलोटीला होते. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागले. बोलणं जरा जड झालं, पण तोंड बंद झालं नाही. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ, सगळं माझ्याकडं.

दवाखान्यातून आल्यावर बरेच दिवस ते पियानोकडं पाठ करून बसायचे. एक दिवस मी भांडी घासत होते तर आतून आवाज आला. डाव्या हातानं तीन सूर एकदम दाबलेले. मग दुसरे तीन. मग अजून वेगळे. मग पुन्हा पहिले. असं बराच वेळ.

"भागीबाई, इकडं ये. बस इथं."

"मला भांडी घासायचीत."

"भांडी कुठं जात नाहीत. माझा उजवा हात गेलाय. तुझा दे."

"उसना?"

"उसना दे, नाहीतर पगारातून कापतो."

असं माझं शिक्षण सुरू झालं. पासष्टी उलटून गेल्यावर. ते डावीकडं खुर्चीत, मी उजवीकडं स्टुलावर. ते डाव्या हातानं कॉर्ड धरणार, मी उजव्या हातानं वर काहीतरी वाजवणार. कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर. त्यांनी तीन कॉर्ड सांगितले. नावं इंग्रजी होती, मला पाठ झाली: ए मायनर, डी मायनर आणि ई सेवन. मी आपलं पहिला, दुसरा, तिसरा म्हणायची.

"मायनर म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे उदास."

"मग उदास नसलेलं काय?"

"मेजर."

"मग तेच शिकवा की."

"ते कुणालाही येतं," साहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी मी गौरीच्या फेराचं गाणं वाजवलं. एका बोटानं, पण बरोबर वाजवलं. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"हे तुला येतंच," साहेब म्हणाले. "येतं ते कशाला वाजवते? मी काय विचारतोय ते ऐक आणि उत्तर दे. पाठ केलेलं नको."

"तुम्ही कुठं काय विचारलंत? नुसतं ढांग ढांग करताय."

"तेच विचारणं आहे."

मला काही केल्या कळेना. ते चिडायचे, मी उठून भाकरी थापायला जायची. मग एकदा मी त्यांना आमच्या हाळीबद्दल सांगितलं. शिकवायला नव्हे, गप्पांत निघालं. पण त्यानंतर मला वाजवता यायला लागलं, आणि पुढं पाण्यात जे झालं ते या रीतीमुळंच झालं. म्हणून ती इथं सांगते.

उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडते, म्हणजे बांध मध्येच फुटतो. खारं पाणी शेतात गेलं की ती जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही. त्यामुळं खांड पडली की सगळं गाव पेंढा, माती, दगड घेऊन धावतं, पाऊस असो की अंधार. माणसं बांधावर लांब लांब पसरतात, एकमेकांना दिसत नाहीत. मग हाळी. ज्याला वाट कळत नाही तो एक लांब हाळी देतो, "होऽऽऽ". ज्याला ऐकू येते तो उत्तर देतो. पण तीच हाळी परत द्यायची नाही. तीच दिली तर समोरच्याला वाटणार की आपलाच आवाज पलीकडच्या डोंगरावर आपटून आला. म्हणून उत्तर वेगळं, आखूड आणि तुटक: "हो, हो, होय". आणि दुसरी गोष्ट, उत्तर ज्याचे पाय घट्ट जमिनीवर आहेत त्यानंच द्यायचं. चिखलात उभं राहून कुणी उत्तर देत नाही. म्हणजे उत्तर आलं की डोळे मिटून तिकडं चालायचं. हे आमच्याकडं पोरांना चालायला येतं तेव्हापासून माहीत असतं.

साहेब ऐकून हसले. "मग तसंच कर की. मी हाळी देतो. मी धरलेल्या तीन सुरांपैकी एकावर पाय ठेव आणि वेगळं उत्तर दे. आणि दिलंस की गप्प बस. पुढची हाळी येऊ दे."

त्या दिवशी मला जमलं. फार नाही, पण जमलं. पहिल्या कॉर्डवर पाय ठेवून चार सूर वर जायचे, थांबायचं. दुसरा आला की तिथून खाली. हळूहळू कुठं पाय ठेवला तर बुडतं आणि कुठं ठेवला तर उभं राहता येतं, ते बोटांना कळायला लागलं.

फक्त तिसरा कॉर्ड जमला नाही. पहिल्या दोन कॉर्डवर पांढऱ्या पट्ट्या सगळ्या चालतात. तिसरा आला की एक पांढरी सोडायची आणि तिच्या उजवीकडची काळी घ्यायची. ती काळी वाजली की पुढं आपोआप पहिल्या कॉर्डवर परत यावंसं वाटतं, असं साहेब म्हणायचे. आता माझं उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं आहे. गवत कापताना कोयता लागला होता, ते तसंच जुळलं. ते काळीवर चढतच नाही. जरा उशिरा जातं, शेजारच्या पट्टीला ओरखडतं आणि घसरून त्या पांढरीवरच पडतं.

"भागीबाई, काळी! काळी!"

"बोट चढत नाही."

"मग दुसरं बोट वापर."

"दुसरं वापरायचं लक्षात येईस्तोवर तुमचा कॉर्ड निघून जातो."

पुष्कळ दिवस त्यांनी आरडाओरडा केला. मग एकदा ती ओरखडून पडलेली पांढरी ऐकून म्हणाले, "असू दे. वाईट लागत नाही. ही तुझी सही आहे. दुसऱ्या कुणाला मुद्दाम करायला सांगितली तरी जमणार नाही." तरी ओरडायचं काही सोडलं नाही.

त्यांची एक खोडी होती. संध्याकाळी मी घरी निघाले की मागून तीन कॉर्ड वाजवायचे आणि तिसऱ्यावर थांबायचे. पहिल्यावर परत यायचेच नाहीत. "आता रात्रभर डोक्यात लटकत राहील," म्हणायचे. मला काही लटकत बिटकत नव्हतं. मी घरी जाऊन जेवून झोपायची. पण सकाळी आल्यावर चहाच्या आधी पहिला कॉर्ड दाबायची, हे खरं आहे.

तो दिवस दिव्यांच्या अवसेचा होता. अमावास्या म्हटलं की वाचणाऱ्यांचे कान उभे राहणार, म्हणून सांगते: अमावास्येला मोठं उधाण येतं, एवढाच तिचा संबंध. आदल्या रात्रीपासून पाऊस होता. साहेबांना ताप भरला होता. सकाळी मी त्यांना पेज भरवली, आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. पियानो बाहेरच्या खोलीत. त्याचं झाकण बंद केलं आणि वर औषधाची वाटी ठेवली, चमच्यासकट, म्हणजे परत आल्यावर दुपारची गोळी चुरडून द्यायला समोर राहील. निघताना बाहेरून कडी घातली, कारण वाऱ्यानं दार आपटत होतं.

"भरतीच्या आधी येते," मी ओरडून सांगितलं.

"दिवे खाऊन ये," आतून आवाज आला. "माझ्यासाठी चार आण."

घरी दिवे घासले, गूळ घालून कणकेचे दिवे उकडायला ठेवले, तेवढ्यात महादू आला. बांधाच्या उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारांवर, तोच देखरेखीला असायचा. भिजून चिंब झाला होता.

"वहिनी, उघाडीची फळी निघालीय. बांध मध्ये पाझरतोय. तुझ्या सायबाला आत्ता आणायला पायजे. भरती पुरी झाली तर त्या घरात पाणी जाईल."

"बाकीची माणसं?"

"देवळाकडं घरात पाणी शिरलंय, सगळी तिकडं हायत. आपण तिघं बास. मी खुर्ची घेतो, तिच्यावर बसवून उचलू."

"काका, सायेब जड हायत," सुनीता म्हणाली.

"पेटीहून हलकाच असंल."

मुलगा माझा ट्रेलरवर ड्रायव्हर आहे, तो त्या दिवशी उरणच्या बाजूला होता. म्हणून आम्ही तिघं निघालो. साहेब पलंगावरून एकट्यानं उठू शकत नाहीत आणि दाराला मी बाहेरून कडी घातलेली. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

वळणाच्या जवळपर्यंत बांध होता. मग नव्हता. पाझरत होता तिथं तो खाली बसला होता आणि वरून पाणी चाललं होतं. आधी गुडघे, मग कंबर, मग छाती. पावसाचा लोट आला आणि दिशाच गेली. वळण आलं होतं की यायचं होतं, ते कळेना. पाणी कुठून कुठं जातंय तेही कळेना, कारण ते दोन्हीकडून ढकलत होतं.

महादूनं लांब हाळी दिली, "होऽऽऽ".

उजवीकडून आलं, "हो, हो, होय."

ते मी ऐकलं. सुनीतानं ऐकलं. पुरुषाचा आवाज, आखूड, तुटक, जसा पाहिजे तसा. कुणीतरी घट्ट जमिनीवर उभं होतं.

"आलं उत्तर!" महादू ओरडला. "वहिनी, इकडं! इकडं जमीन हाय!"

मी वळणारच होते. आमच्या गावात जन्मलेलं कुणीही वळलं असतं. तेवढ्यात डावीकडून तो पियानो. आता हे बघा, खिडक्या बंद, घर लांब, आणि पावसात शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागत होतं. पण पियानो असा ऐकू येत होता की मी स्टुलावरच बसलेय. पहिला कॉर्ड, आणि त्यावर चार सूर वर. दुसरा, आणि तिथून खाली. तिसरा...

तिसऱ्यावर जरा उशीर झाला. शेजारची पट्टी ओरखडली. आणि बोट घसरून पांढरीवर पडलं.

माझ्या अंगावर काटा आला असं सुनीतानं लिहिलं होतं. तसं नाही. माझं वाकडं बोट दुखायला लागलं. सुनीताच्या मनगटावर आवळलेलं होतं तेच बोट.

"भावोजी, डावीकडं!" मी ओरडले. "पियानो ऐका! घर डावीकडं हाय!"

"कसला पियानो? काय वाजत न्हाय! हाळी आलीय वहिनी, ये!"

त्यानं पुन्हा हाळी दिली. पुन्हा उत्तर आलं. आता जवळून आल्यासारखं.

"आई, तिकडं कुठं?" सुनीता म्हणाली. तिचे दात वाजत होते. "हाळी खरी हाय. हाळीकडं जायला पायजे."

ती बरोबर बोलत होती. पण मला एकच सुचलं. बरोबर हाळी कुणीही देईल. ती चूक माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

मी तिला डावीकडं ओढलं. ती ओरडली, मला शिवी दिली, आणि आली. हे वाक्य टाइप करताना ती थांबली होती, पण मी राहू दिलं. मी महादूला हाका मारत होते. "भावोजी, या! इकडं या!" तो म्हणाला, "तुम्ही दोघी थांबा, मी बघून येतो." त्याचं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर त्याच्या दोन हाळ्या ऐकल्या, दोन्हींना उत्तर आलं.

मग फक्त पाऊस आणि पियानो.

बांधावरून उतरून आम्ही शेतात गेलो होतो, चिखल मांडीपर्यंत ओढत होता. मी पियानोकडं तोंड ठेवलं आणि चालत राहिले. कॉर्ड येत होते, उत्तरं येत होती, मध्ये गप्प. त्या गप्प वेळात मी पाऊल टाकत नव्हते, पुढचा कॉर्ड आला की टाकत होते. पाणी छातीवरून कमरेला आलं. मग गुडघ्याला. मग माझा हात साहेबांच्या घराच्या पायरीला लागला आणि पियानो थांबला. तिसऱ्या कॉर्डवर. पहिल्यावर परत न येता.

दाराला बाहेरून कडी होती. सकाळी मी घातली तशी.

कडी काढून आत गेले तर आतल्या खोलीतून साहेब ओरडत होते, "भागीबाई, काळी! कितीदा सांगायचं? आणि थांबलीस का?"

मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. अंगावर चिखल, केस मोकळे. ते पलंगावर होते, चादर गळ्यापर्यंत. माझ्याकडं बघत राहिले.

"तू बाहेर कधी गेलीस?" ते म्हणाले.

"मी आत्ता येतेय."

"मग एवढा वेळ बाहेर कोण बसलं होतं?"

मी मागं वळून पियानोकडं बघितलं. झाकण बंद. वर औषधाची वाटी, तिच्यात चमचा. वाटीच्या बाजूला मी सकाळी ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट. काही हललं नव्हतं. सुनीता दारात उभी होती, तीही तेच बघत होती.

"आणि डावा हात?" मी साहेबांना विचारलं. "डावा कोण वाजवत होतं?"

त्यांनी चादरीतून डावा हात बाहेर काढून बघितला. "मला वाटलं मीच वाजवतोय," म्हणाले. "तापात वाटलं असेल."

"तापात वाटलेलं शेतात ऐकू येत नाही साहेब."

विचार करायला वेळ नव्हता, कारण पाणी उंबऱ्यावर आलं होतं. आम्ही दोघींनी जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, वर गादी टाकली आणि साहेबांना त्यावर चढवलं. कसं चढवलं ते आज विचारलं तर सांगता येणार नाही. पाणी घरात गुडघाभर आलं. पियानोच्या पोटात गेलं तेव्हा आतून तारा कुरकुरल्या, तेवढा आवाज त्यानं केला.

मी दारापुढच्या ओट्यावर उभी राहून हाळी दिली. आता माझे पाय घट्ट जमिनीवर होते, म्हणून लांब हाळी नाही, उत्तराची हाळी दिली. "हो, हो, होय." महादूला ऐकू जावी म्हणून. घसा बसला तेव्हा सुनीतानं दिली. ओहोटी लागेपर्यंत आम्ही दोघी उत्तर देत होतो. पण विचारणारं कुणी नव्हतं.

पाऊस विरळ झाला तेव्हा दिसलं. उजवीकडं, जिथून हाळीला उत्तर येत होतं, तिथं खाडी होती. जमीन नव्हतीच. ना होडी, ना झाड, ना खांब. पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत नुसतं पाणी.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला महादू खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांत सापडला. लाल खुर्ची त्याच्याही पुढं गेली होती, अडकून बसलेली.

मी गावात घरोघर विचारलं. त्या दुपारी हाळीला उत्तर कुणी दिलं? सगळे देवळाकडं होते, एकमेकांच्या नजरेसमोर. कुणी दिलं नाही. पलीकडच्या किनाऱ्यावरून आवाज एवढा लांब येत नाही, पावसात तर नाहीच. माझा भाचा शिकलेला आहे, म्हसळ्याला असतो. तो म्हणतो, तो आवाज म्हणजे महादूचाच प्रतिध्वनी. मी त्याला सांगितलं, प्रतिध्वनी लांब हाळीला लांबच येईल, आखूड कसा येईल? मग तो म्हणतो, मामी, भीतीनं माणसाला काहीही ऐकू येतं. असेल. पण मग तिघांना सारखी हाळी ऐकू आली, आणि पियानो घरातल्या माणसाला आणि पाण्यातल्या दोघींना सारखा ऐकू आला, चुकीसकट. फक्त महादूला आला नाही. का आला नाही, ते मला माहीत नाही.

महादूची बायको रखमा पहिलं वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, तुला साहेबाच्या पेटीनं बोलावलं, माझ्या माणसाला का नाही? आता ती येते, अंगणात बसते, मी दिलेला चहा पिते. आणि उठताना एकच विचारते, "भागे, खरं सांग. त्याला उत्तर कुणी दिलं?"

"मला न्हाय माहीत रखमा."

"खरं हाय ना, आलं होतं उत्तर?"

"आलं होतं."

तेवढं ऐकून ती जाते. तिला एवढंच पाहिजे असतं, की तो मूर्खासारखा खाडीत गेला नाही. तो रीतीनं गेला.

पियानो संपला. खाऱ्या पाण्यानं पट्ट्या फुगल्या. पाणी ओसरल्यावर साहेब टेबलावरून म्हणाले होते, "भागीबाई, तेवढा पहिला दाब. लटकलंय ते." मी झाकण उघडून दाबला. पट्ट्या खाली गेल्याच नाहीत. साहेबांचं ते घर आता बंद आहे, ते आमच्याकडं बाहेरच्या खोलीत असतात. कधी कधी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर तीन कॉर्ड धरतात, नुसत्या लाकडावर, आवाज येत नाही. तिसऱ्यावर थांबतात आणि माझ्याकडं बघतात. मी चुलीपुढून उठत नाही.

बांध पुन्हा बांधला. खांड पडली तर माणसं अजून हाळी देतात, उत्तर आलं की अजून तिकडं चालतात. मी काय सांगणार त्यांना? की उत्तर आलं तर आधी त्यात चूक आहे का बघा?

त्या दुपारी पाण्यात आम्ही तिघं होतो. महादू गेला. मी आणि सुनीता जगलो.